काव्यस्पर्धेला कविता पाठवायचीय? मग या क्रमाने जा

आमच्या भागातल्या छोट्या-मोठ्या काव्यस्पर्धांचं परीक्षण मी काही वर्षं करतोय, त्याआधी बरीच वर्षं नुसता भाग घ्यायचो. कवितांचा गठ्ठा हातात आला की पहिल्या अर्ध्या तासातच वाईट वाटायला लागतं. सोळा ओळी सांगितल्या तर बावीस आलेल्या असतात, अष्टाक्षरी (दर ओळीत आठ अक्षरं) मागितली तर मुक्तछंद आलेला असतो, नाव लिहू नका म्हटलं तर खाली नाव, गाव, मोबाइल नंबर आणि फोटोसुद्धा. यातल्या काही कविता खरंच चांगल्या असतात आणि त्या बाजूला ठेवताना जीव तुटतो, कारण लिहिणाऱ्याला कधी कळतच नाही की कविता वाचलीच गेली नाही.

बहुतेकांचा क्रमच उलटा असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात येते, विषय दिसतो, त्याच रात्री कविता लिहिली जाते, शेवटच्या दिवशी रात्री पावणेबाराला पाठवली जाते. नियम वाचले जातात ते निकाल लागल्यावर, आपलं नाव का नाही म्हणून. हा क्रम कसा बदलायचा ते सांगतो.

टप्पा 1: स्पर्धा शोधायच्या आधी साठा करा

तुमच्याकडे कमीत कमी दहा-बारा तयार कविता हव्यात. तयार म्हणजे लिहून महिना झालेली, निदान दोनदा दुरुस्त केलेली, आणि एकदा तरी मोठ्याने वाचून पाहिलेली. कालची कविता आज तयार नसते, काल लिहिताना जे मनात होतं ते आज वाचताना आपण स्वतःच भरून घेतो, कागदावर ते असतंच असं नाही, महिन्याने वाचलं की भोकं दिसतात.

प्रत्येक कवितेच्या डोक्यावर चार गोष्टी लिहून ठेवा: लिहिल्याची तारीख, प्रकार (अष्टाक्षरी, अभंग, गझल, मुक्तछंद वगैरे), ओळींची संख्या, आणि ती आधी कुठे टाकलीय का. ही चौथी नोंद सगळ्यात महत्त्वाची. बऱ्याच स्पर्धांमध्ये "पूर्वप्रकाशित कविता चालणार नाही" असा नियम असतो आणि आजकाल आयोजक फेसबुक पोस्ट, इन्स्टावरचा रील, ग्रुपवर टाकलेला मजकूर हे सगळं प्रकाशनच धरतात. माझी एक कविता पहिल्या नंबरासाठी निवडली गेली होती, निकाल जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी फोन आला की ही तुमच्या फेसबुकवर चार महिन्यांपूर्वीची दिसतेय. संस्थेचं बरोबरच होतं, नियम छापलेला होता, मी नोंद ठेवली नव्हती. तेव्हापासून चांगली वाटलेली कविता मी निदान सहा महिने कुठेच टाकत नाही.

आता कोणी म्हणेल, विषय तर स्पर्धेवाले देतात, साठ्याचा उपयोग काय? तर विषय बघा कुठले येतात: आई, बाप, पाऊस, शेतकरी, माती, वारी, मराठी भाषा, स्त्री, शाळा, मैत्री. हेच फिरून फिरून येतात आणि त्यांचे हंगामही ठरलेले आहेत. 14 ते 28 जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, 27 फेब्रुवारी कुसुमाग्रजांचा जन्मदिवस म्हणजे मराठी भाषा गौरव दिन, 8 मार्च महिला दिन, आषाढीच्या आसपास वारी आणि पाऊस, 15 ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन, आणि 2024 ला 3 ऑक्टोबरला केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जा दिला तेव्हापासून त्या दिवसाच्या निमित्तानेही कार्यक्रम होतात. दिवाळी अंकांचं साहित्य तर पावसाळ्यातच गोळा होतं, दसऱ्याला पाठवून काही उपयोग नसतो. फेब्रुवारीतल्या स्पर्धेची कविता नोव्हेंबरात लिहिलेली असली की जानेवारीभर तिच्यावर हात फिरवता येतो.

टप्पा 2: कुठली स्पर्धा आपली, ते ठरवा

सगळीकडे सगळं पाठवू नका. ढोबळमानाने चार प्रकार आहेत आणि प्रत्येकाची तयारी वेगळी.

व्हॉट्सअ‍ॅपच्या काव्यसमूहांत रोज किंवा आठवड्याला स्पर्धा असते, विषय आणि काव्यप्रकार दिलेला असतो, "सर्वोत्कृष्ट", "उत्कृष्ट", "उत्तेजनार्थ" अशी ई-प्रमाणपत्रं मिळतात. सरावासाठी हे उत्तम आहे, अक्षरं मोजायची सवय इथेच लागते. पण वर्षभर फक्त इथेच राहिलात तर रोज एक कविता पाडायची सवय लागते आणि एकीवरही पुरेसं काम होत नाही, म्हणून आठवड्यातून एक-दोनदाच, एवढंच ठेवा.

दुसऱ्या लेखी स्पर्धा, साहित्य संस्था, वाचनालयं, दिवाळी अंक यांच्या. इथे परीक्षक शांतपणे कागदावर कविता वाचतात, त्यामुळे बांधणी आणि आशय याला वजन. तिसऱ्या मंचावरच्या, कॉलेजातल्या किंवा गणेशोत्सवातल्या स्वरचित काव्यवाचन स्पर्धा. तिथे ऐकताक्षणी पोचणारी कविता लागते. चौथा प्रकार पुस्तकांच्या पुरस्कारांचा, त्याबद्दल शेवटी.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनातला कविकट्टा (कविता वाचायचा मंच) ही स्पर्धा नाही, पण तिथेही कविता आधी मागवतात आणि त्यातून निवड करतात, त्यामुळे खालचे टप्पे तिथेही जसेच्या तसे लागू. महाराष्ट्र साहित्य परिषद, विदर्भ साहित्य संघ, मराठवाडा साहित्य परिषद, कोकण मराठी साहित्य परिषद, गोव्यात गोमंतक मराठी अकादमी, यांच्या जवळच्या शाखेत किंवा कार्यक्रमाला एकदा जाऊन या. स्थानिक स्पर्धांची माहिती नोटीस बोर्डावर आणि तिथल्या माणसांच्या बोलण्यात आधी मिळते, ग्रुपवर ती फिरत फिरत शेवटच्या आठवड्यात येते.

⚠ पैशाबद्दल सावध: प्रवेश फी शंभर-दोनशे असेल, आयोजकांचा पत्ता-फोन खरा असेल, मागच्या वर्षीचा निकाल बघायला मिळत असेल तर ठीक. पण "तुमची कविता निवडली गेली आहे, प्रातिनिधिक संग्रहात छापण्यासाठी इतके रुपये भरा आणि इतक्या प्रती घ्या" असा मेसेज आला तर ती स्पर्धा नव्हतीच, तो पुस्तक छापायचा खर्च तुमच्याकडून काढायचा प्रकार आहे. तुम्हाला छापील पान हवंच असेल तर द्या पैसे, पण तो पुरस्कार समजून देऊ नका. पैसे भरून घरपोच मिळणाऱ्या "राज्यस्तरीय काव्यरत्न" वगैरे सन्मानचिन्हांचंही तेच.

टप्पा 3: नियम हाताने लिहून काढा

वाचून चालत नाही, लिहूनच काढा. फोनवर वाचताना डोळा विषय आणि बक्षिसाच्या रकमेवर जातो, मधली ओळ सुटते. एका कागदावर हे सगळं उतरवा: विषय, काव्यप्रकार, ओळींची किंवा कडव्यांची मर्यादा, वयोगट, किती कविता चालतात, पूर्वप्रकाशित चालते का, नाव कुठे लिहायचं आणि कुठे नाही, पाठवायची पद्धत, शेवटची तारीख आणि वेळ, स्वरचित असल्याचं पत्र लागतं का.

शंका आली तर विचारा, पण एकदाच आणि सगळं एकत्र. मी नेहमी तीन गोष्टी विचारतो. शीर्षकाची ओळ मर्यादेत धरायची का? दोन कडव्यांमधली मोकळी ओळ धरायची का? आणि पोस्टाने पाठवायचं असेल तर शेवटची तारीख पोस्टाच्या शिक्क्याची की पोचण्याची? तिसऱ्या प्रश्नाने माझी दोनदा तरी सोय झालीय.

परदेशातून पाठवणाऱ्यांनी वेळ भारतीय धरा. न्यूयॉर्क किंवा न्यू जर्सीत असाल तर भारतातली वेळ तुमच्या साडेनऊ ते साडेदहा तास पुढे असते. तुमच्याकडे शेवटच्या तारखेची दुपार असते तेव्हा इकडे पेटी बंद होत आलेली असते.

✔ तपासा: हा कागद बघून दुसऱ्या कुणाला स्पर्धेचे सगळे नियम सांगता येतील का? नसतील तर काहीतरी सुटलंय.

टप्पा 4: साठ्यातली कुठली कविता पाठवायची

आपली सगळ्यात लाडकी कविता बहुतेक वेळा चुकीची निवड असते, कारण ती आपल्याला त्या प्रसंगामुळे आवडते आणि परीक्षकाला प्रसंग माहीत नसतो. दोन-तीन कविता काढा, तुम्हाला नीट न ओळखणाऱ्या एखाद्या वाचणाऱ्या माणसाला द्या, मत मागू नका, फक्त दुसऱ्या दिवशी विचारा की कुठली ओळ लक्षात राहिली. जिची एक ओळ आठवली ती कविता पाठवा. घरच्यांना आणि कविमित्रांना विचाराल तर "छान आहे" एवढंच हाती लागतं.

विषय दिलेला असेल तर कविता विषयाला खरंच भिडते का बघा. विषय "पाऊस" असताना प्रेमाच्या जुन्या कवितेत शेवटच्या कडव्यात पाऊस घुसवलेला लगेच कळतो. उलट, विषयाचा शब्द एकदाही न येता विषय उभा राहिला तर परीक्षक थांबतोच, पण नियमात "विषय शब्द कवितेत असावा" असं लिहिलेलं असेल तर तो शब्द आणा, तिथे वाद घालू नका.

टप्पा 5: पुन्हा लिहा, आणि नीट पुन्हा लिहा

स्पर्धा इथेच जिंकली किंवा हरली जाते, म्हणून इथे जास्त वेळ घालवा, मी तर अर्ध्याहून जास्त वेळ इथेच घालवतो.

"आई" विषय आणि अष्टाक्षरी, असं समजा. गठ्ठ्यातल्या निम्म्या कविता साधारण अशा असतात (हे कडवं मी उदाहरणासाठी केलंय, कुणाचं नाही):

आई माझी देवासम
माया तिची अपरंपार
तिच्याविना शून्य सारे
तीच जगण्याचा आधार

भावना खरी आहे, त्याबद्दल वादच नाही. पण यातली आई कुठल्या गावची, काय करते, कशी बसते, काही दिसत नाही. हे कडवं जगातल्या कुठल्याही आईला चालतं, त्यामुळे तुमच्या आईचं ते राहतच नाही. परीक्षकाने आधीच तीस वेळा "देवासम" आणि "अपरंपार" वाचलेलं असतं. शिवाय अक्षरं मोजा: पहिली आणि तिसरी ओळ आठ, पण दुसरी "मा-या-ति-ची-अ-प-रं-पा-र" नऊ, आणि चौथीही नऊ. म्हणजे अष्टाक्षरीच नाही, मोजणीतच बाद.

आता मोठे शब्द काढून टाका आणि स्वतःला विचारा: मी गावी जातो तेव्हा ती नेमकी काय करत असते?

दार उघडेच राही
आई उंबऱ्यात बसे
एसटीच्या धुळीमध्ये
तिला माझी चाल दिसे

चारही ओळी आठ. माया, देव, आधार यातला एकही शब्द नाही, पण लेकाला नुसत्या चालीवरून ओळखणारी आई दिसली की माया वेगळी सांगावी लागत नाही. एसटी आल्यामुळे गाव आलं, धुळीमुळे कच्चा रस्ता आला, आणि दार उघडंच आहे म्हणजे ती कधीपासून बसलीय तेही आलं.

तर पद्धत अशी. प्रत्येक कडव्यात डोळ्याला दिसणारी किंवा कानाला ऐकू येणारी निदान एक गोष्ट आहे का बघा. "आठवणींचा हिंदोळा", "मनाचा गाभारा", "भावनांचा पूर", "आयुष्याची वाट", "हृदयाची तार" असे तयार जोड सापडले की लाल पेनाने गोल करा आणि त्या जागी आपल्या घरातली, रानातली, लोकलमधली वस्तू ठेवून बघा. नंतर पहिलं कडवं झाकून कविता वाचा, बऱ्याचदा पहिलं कडवं म्हणजे आपण लिहायला सुरुवात कशी केली याची नोंद असते आणि खरी कविता दुसऱ्यापासून असते. मग शेवटचं झाकून वाचा. "म्हणूनच सांगतो मित्रांनो" छापाचं उपदेशाचं कडवं काढल्यावर कविता जवळजवळ नेहमीच सुधारते. यमकासाठी आलेला शब्द कसा ओळखायचा? ती ओळ गद्यात बोलून बघा, आपण असं कधीच बोलणार नाही असं वाटलं तर तो शब्द यमकाने ओढून आणलाय.

बोलीतली कविता असेल, वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, आगरी, तर ती पूर्ण बोलीत ठेवा. दोन ओळी बोली आणि मधेच पुस्तकी "परंतु" आला की कविता फाटते. अवघड शब्दांचे अर्थ खाली द्यायची परवानगी असेल तर चार-पाच शब्दांचे द्या, जास्त नको.

⚠ आणि एआयकडून लिहून किंवा "सुधारून" घेऊ नका. स्वरचित असल्याच्या पत्रावर तुम्ही सही करता, आणि तशी कविता अशाच गुळगुळीत तयार जोडांनी भरलेली असते, गठ्ठ्यात ती लगेच कळते.

टप्पा 6: मोजणी, पेन्सिल घेऊन

इथे सगळ्यात जास्त कविता पडतात, आणि तेही टाळता येण्यासारख्या चुकांमुळे. बोटांवर मोजू नका, प्रत्येक अक्षराखाली टिंब द्या.

अक्षरछंदात (अष्टाक्षरी, षडाक्षरी, अभंग, ओवी) ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नसतं, फक्त अक्षरं मोजायची. जोडाक्षर एकच धरायचं. "रस्त्यावरच्या" म्हणजे र, स्त्या, व, र, च्या, पाच. बोलताना आपण "घर" चा र अर्धवट म्हणतो, पण मोजताना ती दोन अक्षरंच.

मोठा अभंग मागितला तर सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात:

शेताच्या बांधाला
उभा माझा बाप
उन्हाचेही माप
मोजेना तो

इथे लोक सर्रास पहिल्या आणि चौथ्याचं यमक जुळवतात किंवा चौथा चरण सहा अक्षरांचा करतात. "अभंग" असं शीर्षकाखाली लिहिल्याने तो अभंग होत नाही.

गझल असेल तर काम वाढतं. मात्रा मोजाव्या लागतात: ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन, आणि जोडाक्षराचा आघात आधीच्या ऱ्हस्व अक्षरावर पडत असेल तर त्या आधीच्याच्याही दोन. "सत्य" मधला स गुरू, म्हणजे दोन मात्रांचा, होतो. पण "तुझ्या", "पुन्हा" मध्ये आघात पडत नाही म्हणून तु आणि पु लघुच, म्हणजे एका मात्रेचे, राहतात, हे बऱ्याच जणांचं चुकतं. आनंदकंद वृत्तातली एक ओळ बघा:

रस्त्यात भेटलेला वारा जुनाच होता

गागाल गालगागा गागाल गालगागा (गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघु), एकूण 24 मात्रा. सगळ्या ओळी याच लगावलीत, म्हणजे लघु-गुरूंच्या याच क्रमात, हव्यात, एक सुद्धा सुटता कामा नये, नुसत्या मात्रांची बेरीज जुळून चालत नाही.

मग काफिया, म्हणजे गझलेतलं यमक. "वारा, तारा, सारा" असे काफिये घेतले तर "रा" च्या आधीचा "आ" हा स्वर, म्हणजे अलामत, शेवटच्या शेरापर्यंत (शेर म्हणजे गझलेतली दोन ओळींची जोडी) सांभाळायचा, मधेच "पोरा" किंवा "चेहरा" आणला की चूक. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, दोन्ही ओळींत काफिया आणि रदीफ (काफियानंतर तसाच परत येणारा शब्द) असेल तर रदीफही, पुढे प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत. निदान पाच शेर. आणि प्रत्येक शेर एकटा उभा राहिला पाहिजे, पहिल्या शेरात सुरू झालेली गोष्ट तिसऱ्यात संपत असेल तर ती गझलेच्या कपड्यातली कविता आहे, ती कविता म्हणून पाठवा.

हायकूचं आधी विचारून घ्या. काही आयोजकांना पाच-सात-पाच अक्षरं हवीच असतात, काहींना तीन ओळी आणि दोन ओळींचं यमक पुरतं.

मुक्तछंदवाल्यांनी हा टप्पा सोडू नका. ओळ जिथे तोडलीय तिथे का तोडली, हे सांगता आलं पाहिजे. मोठ्याने वाचा, श्वास मधेच अडखळला तर ओळ चुकीच्या जागी तुटलीय.

✔ तपासा: दुसऱ्या दिवशी सकाळी परत एकदा मोजा. पाठ झालेली कविता आपण मनातल्या मनात दुरुस्त करून वाचतो, म्हणून शेवटच्या ओळीपासून उलटं मोजत या.

टप्पा 7: शुद्धलेखन आणि टायपिंग

कवितेत छापील "आहे"ऐवजी बोलीतलं "हाय" चालतं, पण "आणी" चालत नाही. "आणि" ऱ्हस्व. "आर्शिवाद" नाही, आशीर्वाद. "उज्वल" नाही, उज्ज्वल. "कवीसंमेलन" नाही, कविसंमेलन, कारण एकटा असताना कवी दीर्घ पण समासात पहिला आला की कवि. फूल पण फुलाला, ऊन पण उन्हात, वीट पण विटेवर. संस्कृतातून तसेच आलेले शब्द मात्र बदलत नाहीत, गीत-गीतात, सूर्य-सूर्याला. वृत्तात लिहिणाऱ्यांना हे दुप्पट महत्त्वाचं, कारण "फूल" च्या तीन मात्रा आणि "फुल" लिहिलंत तर दोनच.

टायपिंग युनिकोडमध्येच करा. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल आयोजकांच्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात. चालत असेल तर वर्ड आणि पीडीएफ दोन्ही पाठवा. बोलून टाइप करणाऱ्यांनी प्रत्येक शब्द डोळ्याने तपासा, फोन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका करतो आणि मधेच ओळही तोडतो.

कवितेभोवती फुलं, हृदयं, तारे, रंगीत बॉर्डर काही नको. शीर्षक, मोकळी ओळ, कविता, संपलं.

टप्पा 8: पाठवणं

नाव लपवायचं असेल तर सगळीकडून लपवा. कवितेखाली नाव नको, कॉपीराइटचं चिन्ह आणि टोपणनाव नको, शेवटच्या शेरातलं तखल्लुस (शेरात गुंफलेलं कवीचं नाव) असेल तर विचारून घ्या, फाइलचं नाव "कविता_आई" असं ठेवा, आणि वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखक म्हणून तुमचं नाव आपोआप पडतं तेही काढा. शेवटची ही गोष्ट फार कमी लोक करतात.

पोस्टाने असेल तर कविता एका कागदावर, नाव-पत्ता-फोन वेगळ्या कागदावर वेगळ्या छोट्या पाकिटात, दोन्ही मोठ्या पाकिटात, स्पीड पोस्टने, पावती जपून. ई-मेल असेल तर विषयाच्या जागी त्यांनी सांगितलेलंच लिहा, आणि दोन ओळींचं साधं पत्र: सोबत अमुक स्पर्धेसाठी कविता जोडली आहे, ती स्वरचित आणि अप्रकाशित आहे. आयुष्यभराची साहित्यसेवा आणि मिळालेल्या सन्मानांची यादी तिथे लिहू नका.

शेवटच्या तारखेच्या तीन दिवस आधी पाठवा. पाठवून झाल्यावर फाइल स्वतः एकदा उघडून बघा, चुकीची फाइल जोडली जाणं आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं. वहीत तारीख, स्पर्धा, कविता आणि निकालाची तारीख लिहा. तीच कविता निकाल लागेपर्यंत दुसरीकडे पाठवू नका, दोन्हीकडे निवड झाली तर दोन्हीकडे नाव खराब होतं.

टप्पा 9: मंचावर वाचायचं असेल तर

तीन मिनिटं दिली असतील तर कविता सव्वादोन मिनिटांत बसली पाहिजे, घड्याळ लावून. घरी वाचतो त्यापेक्षा मंचावर एकतर घाई होते नाहीतर टाळ्यांसाठी थांबावं लागतं. सगळ्यात जास्त वेळ खाते ती प्रस्तावना. "ही कविता मला कशी सुचली" याचा एक मिनिट झाला की घंटा वाजते आणि शेवटचं कडवं, जे सगळ्यात चांगलं असतं, ते धावत वाचावं लागतं. शीर्षक सांगा आणि सुरू करा.

पाठ असली तरी कागद हातात ठेवा, मोठ्या अक्षरात, एका पानावर, मधे पान उलटायला लागू नये. माईक हनुवटीच्या थोडा खाली. पहिली ओळ बोलायच्या आधी एक श्वास घ्या आणि शेवटच्या रांगेकडे बघा. चालीवर म्हणायची असेल तर आधी विचारा, काही ठिकाणी गायनाला परवानगी नसते, आणि गुण कशाला आहेत तेही विचारा. साधारण आशय, शब्दरचना, उच्चार आणि सादरीकरण असे भाग असतात, पण सादरीकरणाला किती यावर कविता निवडायची असते. ऐकणाऱ्याला मागची ओळ परत वाचता येत नाही, म्हणून गुंतागुंतीची कविता लेखी स्पर्धेला ठेवा.

⚠ परीक्षकांना आधी जाऊन भेटणं, मेसेज करणं, "लक्ष असू द्या" म्हणणं, अजिबात नको. निकालानंतर मात्र जरूर भेटा आणि एकच प्रश्न विचारा: कुठल्या ओळीवर तुम्ही थांबलात? उत्तर प्रामाणिक मिळतं.

टप्पा 10: निकालानंतर

नंबर आला नाही तर ती कविता आठ दिवस उघडू नका. नंतर टप्पा 5 आणि 6 परत करा आणि दुसरीकडे पाठवा. एकच कविता तीन ठिकाणी परत आली तर ती साठ्यात मागे टाका. पहिल्या आलेल्या कविता मिळवून वाचा, वहीत उतरवून घ्या, त्यांनी काय केलं जे आपण नाही केलं ते एका वाक्यात लिहा. निकालावर ग्रुपमध्ये वाद घालू नका, मोजणीची उघड चूक असेल तर आयोजकांना खाजगीत, नम्रपणे, ओळ दाखवून लिहा.

नंबर आला तर हक्कांचं बघा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कविता लिहिली की हक्क आपोआप तुमचा, नोंदणी सक्तीची नाही. आणि हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी कागद आणि तुमची सही लागते. त्यामुळे फॉर्मवर "कवितेचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील" असं असेल तर सही करायच्या आधी थांबा, "एकदा छापायची परवानगी, बाकी हक्क माझ्याकडे" असं लिहून द्यायला बहुतेक जण तयार होतात. उद्या संग्रह काढताना आपलीच कविता मागायची वेळ येऊ नये.

संग्रह निघाला की चौथा प्रकार सुरू होतो. राज्य सरकारच्या स्व. यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कवितासंग्रहासाठी बहिणाबाई चौधरींच्या नावाचा वेगळा पुरस्कार आहे, प्रवेशिका त्या त्या कॅलेंडर वर्षात प्रकाशित झालेल्या पुस्तकांच्या मागवतात, म्हणून पुस्तकावर प्रकाशनाचं वर्ष आणि "प्रथम आवृत्ती" नीट छापलंय ना बघा. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार 35 वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी आहे, 50,000 रुपयांचा, वय पुरस्काराच्या वर्षाच्या 1 जानेवारीला मोजतात. चौतिसाव्या वर्षी संग्रह "पुढच्या वर्षी बघू" म्हणून ठेवलेला असेल तर प्रकाशकाला आजच फोन करा.

वहीत शेवटची एक नोंद राहते: स्पर्धेत पाठवलेली कविता निकालानंतर आता "मोकळी" आहे की "छापून आली", ते तिच्या डोक्यावर, तारखेसकट.